ड्रमक्लाखची ढाबळ

“घे मागे, घे, अजून घे... अरे थांब!”

इश्बेल वेळेवर ओरडली होती, पण ट्रॅक्टर तिच्या नवऱ्याचं कधीच वेळेवर ऐकत नसे. धडाड्‌कन आवाज झाला, धुळीचा लोट उठला आणि ड्रमक्लाख हवेलीची चारशे वर्षांची ढाबळ खाली बसली.

“मेलो!” मर्डो म्हणाला.

“तू नाही रे, बाईसाहेब,” इश्बेलने तोंडावर हात ठेवला.

कारण त्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं, की हवेलीची कबुतरांची ढाबळ पाडली की घरची मालकीण वर्षाच्या आत जाते.

हवेली म्हणजे मधोमध एक जाडजूड जुना बुरूज. एका मालकाने त्याला पुढून खांबांचं तोंड चिकटवलं, दुसऱ्याने मागे नाचायचं दालन जोडलं. दगड वाहिले गावाने, नावं लागली मालकांची. प्रत्येक पिढीने एक खोली वाढवली आणि दोन-चार थापा. आत्ताचे मालक सर टॉर्क्विल पाहुण्यांना ढाबळ दाखवताना आतल्या दगडी बाकावर काठी आपटून सांगत, “कबुतरं मोजणारा नोकर इथे बसायचा.” तिथे कुणी कधी एकही कबुतर पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बातमी ऐकून फेनेला बाईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या.

“थोतांड आहे सगळं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आहे ना?”

“अगदी थोतांड,” सर टॉर्क्विल म्हणाले. “आता आमच्या पणजोबांनी शेतातली ढाबळ पाडली आणि पणजी आठ महिन्यांत गेली, ते सोड.”

“ती ब्याण्णव वर्षांची होती, टॉर्क्विल!”

“पण गेली ना!”

बाईसाहेब मर्डोकडे वळल्या. “मला काही झालं, तर मला पुरायच्या आत तुझं सामान रस्त्यावर. ऐकलंस?”

मर्डोने ऐकलं. तो राहायचा ती झोपडी हवेलीची. त्याचा बाप तिथे मेला होता, आजाही. छप्पर सात वर्षं गळत होतं. सांगायला गेलं की उत्तर यायचं, धीर धर. आणि इथे एक बाई अजून आजारीसुद्धा पडली नव्हती, तर डॉक्टर आठवड्यातून दोनदा!

झोपडी टिकवायची तर बाईसाहेब टिकायला हव्यात, एवढा सरळ हिशेब. मर्डो कामाला लागला. त्यांच्या वाटेवरचे खडे वेचले. स्वयंपाकघरात जाऊन अळंबीचं सूप आधी स्वतः प्यायला. वाकलेली एक फांदी बाईसाहेबांच्या डोक्यात पडेल म्हणून तोडायला चढला, ती त्यांच्या पुढ्यातच पडली.

“मारतोस का मला?” बाईसाहेब किंचाळल्या.

“वाचवतोय, बाईसाहेब!”

मग त्याला बुरुजातला गोल जिना आठवला. त्यात एक पायरी मुद्दाम उंच ठेवलेली होती. शत्रू धावत वर आला की अडखळून पडावा म्हणून. मर्डोने तिच्या खालच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकून चढ सारखा केला आणि निश्चिंतपणे चहा प्यायला गेला.

वीस वर्षं बाईसाहेब त्या ठिकाणी सवयीने पाय उंच उचलत. त्यांनी तो आजही उचलला. पायरी काही भेटली नाही.

“माझा घोटा!” सगळ्या बुरुजात आवाज घुमला.

“झाली सुरुवात,” इश्बेल म्हणाली. “बांध सामान.”

शेवटी सर टॉर्क्विलनी एडिनबरोहून जुन्या इमारतींच्या जाणकार डॉक्टर मेंझीस बाईंना बोलावलं. ढाबळ दगडावर दगड ठेवून पुन्हा जशीच्या तशी उभी केली, की ती पाडली नाही, दुरुस्त केली असं म्हणता येईल, हा त्यांचा बेत. पाय उशीवर ठेवून बाईसाहेबही अंगणात येऊन बसल्या.

मेंझीस बाईंनी ढिगाऱ्यातला बाक पालथा केला. “हे भोक कशाला?”

“कबुतरं मोजणारा तिथे...”

“भोकावर बसून मोजायचा? आणि दाराला कडी आतून?” त्या हसल्या. “सर टॉर्क्विल, हा संडास आहे. तोसुद्धा तुमच्या आजोबांच्या वेळचा.”

सर टॉर्क्विल मटकन बसले. चारशे वर्षं एका क्षणात वाहून गेली. बाईसाहेब मात्र दुखऱ्या पायावर उभ्या राहिल्या.

“संडास! अरे, नुसता संडास! मर्डो, तू देवमाणूस आहेस! तुझं छप्पर उद्याच...”

“पण ढाबळ असणारच,” मेंझीस बाई इकडेतिकडे बघत म्हणाल्या. “एवढ्या हवेलीला असतेच. गोल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आत भिंतभर कोनाडे. बहुतेक तळ्याकाठी. कुठे आहे ती?”

इश्बेल आपल्या बुटांकडे बघत राहिली.

“मर्डो,” बाईसाहेब हळूच म्हणाल्या, “ती बटाट्यांची गोल कोठी... जिच्यामुळे मला न्हाणीघरातून तळं दिसत नव्हतं...”

“गेल्या नाताळात पाडली, बाईसाहेब. तुमच्याच हुकमानं. ट्रॅक्टर माझा होता.”

“आणि आता...”

“ऑक्टोबर. वर्ष भरायचंय अजून.”

बाईसाहेब हळूहळू पुन्हा खुर्चीत बसल्या. “मर्डो, नाताळापर्यंत तू माझ्या नजरेआड व्हायचं नाहीस. वाट, सूप, जिना, सगळं तुझ्याकडे.”

“होईल की,” मर्डोने टोपी काढून झटकली. “पण छप्पर गळतं, बाईसाहेब. रात्री झोप लागत नाही. आणि झोप झाली नाही, की ट्रॅक्टर मागे घेताना माझा अंदाज चुकतो.”

सुतार जेवणाच्या आधी आले.