टेलचं घर

सावेडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे नाना कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडतात. धारेखाली अंगठा धरतात आणि निकाल देतात, "प्रेशर न्हाई!" आमच्या सौ.ची भांडी तशीच सिंकमध्ये पडलेली असतात. मी दात-ओठ खातो.

नानांचा जन्म जामखेडात नळाचं पाणी सोडण्यात गेला. पाइपलाइनच्या शेवटच्या घराला ते टेल म्हणतात. "टेलला पोचलं तर पानी सुटलं म्हनायचं. न्हाई तर बोंबला!" हे मी हजारदा ऐकलंय.

दिवाळीनंतर त्यांचे पाय सुजले, जिन्यात धाप लागायला लागली. मीच स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय आणि किडनी, दोन्ही थकलीत. रक्तवाहिन्यांना आतून नाजूक अस्तर असतं, तेच खराब होतंय. बीपी वाढलं की आणखी बिघडतं आणि दोघांनाही फटका बसतो. गोळी चुकवायची नाही." नानांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

कसलं पटलं! गेल्या महिन्यात सूज गुडघ्यापर्यंत चढली. बीपीचा आकडा बघून मलाच घाम फुटला. गोळ्यांचा डबा उघडला, तर बीपीच्या गोळ्या जशाच्या तशा!

"नाना, अक्कल गहाण टाकलीय का?"

"वरडू नको. प्रेशर उतरवायची गोळी हाय ती. प्रेशर उतरलं तर टेलला कसं पोचंल? पान्यातलं मला शिकवतो व्हय?"

"मरायचंय का तुम्हाला? तुमचं ते प्रेशरच आतून अस्तर सोलतंय!" माझं डोकं फिरलं होतं. या माणसाला मागं-पुढं कोणी नाही, आणि गोळी घ्यायला काय होतं? खरंच हात उगारावासा वाटला.

नाना आपल्या पावलांकडे बघत बसले.

"तुझी काकू गेली ना, सुनील, तवा तिचे पाय धरून बसल्तो. गार पडत चालले हुते. लई चोळले. सगळ्या गावाला पोचवलं मी. तिच्या पायापतुर न्हाई पोचवता आलं."

तोंडात आलेली शिवी तिथंच राहिली. मी खाली बसलो आणि त्यांची सुजलेली पावलं दोन्ही हातांत धरली.

"गरम आहेत, नाना."

"खरं?"

"खरं. पोचतंय. घ्या गोळी."

घेतली.

आता रोज सकाळी ड्युटीवर निघायच्या घाईत मी आधी ते पाय धरायचे, मगच नाना गोळी गिळणार. रोज उशीर होतो. रोज मी चिडतो.

"पोचतंय का रं?"

"पोचतंय हो!" मी खेकसतो.