दत्तराव दाजींची लिंक

आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर कुणी वारल्याची बातमी आली की पहिली श्रद्धांजली दत्तराव दाजींची असते. वर ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ आणि खाली हळद शिजवायच्या कुकरची लिंक. लग्न असो, बारसं असो, कुणाची म्हैस व्यालेली असो, शुभेच्छा वर आणि कुकर खाली. ज्या दिवशी सोयऱ्यांत काहीच घडत नाही, त्या दिवशी नुसता कुकर.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंगरकडा गावात रस्त्यालगत त्यांचं पत्र्याचं शेड आहे. हळद निघाली की वाफेचे कुकर ट्रॅक्टरला जोडून ते गावोगाव भाड्यानं देतात. माणूस कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. पण त्यांच्या लेकीनं, ज्योतीनं, त्यांना वेबसाइट करून दिली आणि दाजींना एकच ध्यास लागला. कुणीही ‘हळद कुकर’ सर्च केलं की आपलं नाव पहिलं आलं पाहिजे. त्यासाठी जागा दिसेल तिथं लिंक टाकायची. त्यांच्या समजुतीनं सर्चच्या मागं कुणीतरी माणूस बसलेला असतो.

“त्यो सर्चवाला समदं बघून राहिला,” ते सांगतात. “जितक्या जागी आपली लिंक, तितका नंबर वर.”

नंबर ते स्वतःच्याच फोनवर बघतात. ज्या फोनवर दिवसभर तीच वेबसाइट उघडली जाते, त्यावर ती पहिली दिसते यात नवल नाही. माझ्या फोनवर ती तिसऱ्या पानावर आहे. मी हे दाखवलं तर म्हणाले, “तुझ्या फोनला रेंज न्हाई.” ट्रॉलीच्या मागंही त्यांनी ठळक अक्षरांत लिंक रंगवून घेतली. यावर बोट दाबून काही उघडत नाही, असं मी म्हणालो.

“तुला काहून दाबायचंय? तुझ्याकडं हळद हाय का?”



गंमत अशी की ज्योतीचा पुण्यात धंदाच हा आहे. लोकांची नावं सर्चमध्ये वर आणायची, त्याचाच तिला पगार मिळतो. मागं दिवाळीला ती आली होती. फराळाला चार पाहुणे बसलेले, आणि दाजी त्यांना लिंक कुठं कुठं टाकावी ते समजावून सांगत होते. ज्योतीला राहवलं नाही.

“बाबा, ग्रुपमधली लिंक सर्चला दिसतच नाही. सोशल मीडियावरची दिसली, तरी सर्च तिला फारसा भाव देत नाही. चार माणसं तिथून येऊन बघून जातील, तेवढाच फायदा. सोयरीक जमवताना पोराचा बाप स्वतःच ‘पोरगं चांगलं हाय’ म्हणत गावभर फिरला तर कुणी पोरगी देतं का? दुसऱ्या जाणत्या माणसानं शब्द टाकावा लागतो. तसं दुसऱ्या कुणी स्वतःच्या वेबसाइटवर तुमच्याबद्दल लिहून लिंक दिली, तर ती मोजतात.”

“माझ्या बापानं तर गावभरच सांगितलं व्हतं,” दाजी म्हणाले. “झालं की लगीन.”

“त्येच भोगून राहिले मी,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

पाहुणे पोट धरून हसले. ज्योतीही हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. दाजींनी हातातला लाडू ताटात ठेवला.

“चार लोकांत बापाला हसाया शिकवलं का तुला?”

सुटी उरली असताना ज्योती दुसऱ्याच दिवशी पुण्याला निघून गेली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला आहे. दाजी रोज सकाळी लिंक टाकतात आणि ज्योती ती काढून टाकते. ग्रुप तिनंच काढलेला, अॅडमिन तीच. लिंकेबरोबर श्रद्धांजलीही जाते. त्यामुळं ग्रुपवर पाहिलं तर दाजींनी दिवाळीपासून कुणाच्याच मयताचं दुःख केलेलं नाही.

परवा साखरा गावच्या आण्णांची आई गेली. आण्णा म्हणजे सोयऱ्यांतले सगळ्यांत जाणते. त्यांचा मला फोन आला. “माझ्या मायच्या फोटूखाली कुकर? तुझ्या दाजीला सांग, आता एक जरी लिंक आली तर ग्रुपातून भाईर. अन् तुझ्या भाचीला बी सांगून ठेव, काढाया तिलाच लागंल. न्हाईतर आमी समदे निघतो.”

मी शेडवर गेलो. दाजी कुकरचा व्हॉल्व्ह पुसत होते, फोन शेजारी उताणा ठेवलेला. मी निरोप सांगितला. त्यांचा हात थांबला.

“काढतेत व्हय?”

“काढतील. अन् दाजी, लिंकेनं नंबर वर जात न्हाई. ज्योती बराबर बोलली व्हती.”

“ठाऊक हाय मला. ती शिकलेली हाय, ती कशाला चुकीचं सांगंल?”

“मग काहून टाकता?”

ते परत व्हॉल्व्ह पुसायला लागले.

“तिच्या मायसंगं ती रोज फोनवर बोलती. माझं नाव काढत न्हाई. मी सकाळी लिंक टाकतो, ती खोडती. म्हंजी उठली, फोन हातात घेतला, बापाचं नाव वाचलं. तेवढंच बोलणं हाय आमचं. त्ये बी बंद करता का?”

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी हसलो होतो त्याचंही वाटलं. रस्त्यावर येऊन ज्योतीला फोन लावला आणि दाजी जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. 

“एक दिवस खोडू नको,” मी म्हणालो. “राहू दे बापाची लिंक.”

“मामा,” ती म्हणाली, “मी नाही खोडली, तर बाबा दुसऱ्या दिवशी टाकतील का?”

म्हणजे तिचंही बापाशी बोलणं तेवढंच होतं. फोन ठेवला, आण्णांना लावला आणि सांगितलं की दाजींना ग्रुपातून काढायचं असेल तर आधी मला काढायला लावा.