काळ्या यादीतले भय्याजी

लाखनीच्या भय्याजी कापगतेंनी दिवाळीच्या सकाळी अठराशे सत्तर माणसांना एका बोटाने शुभेच्छा पाठवल्या, आणि पाडव्यापर्यंत त्यांच्याच वेबसाइटचे नाव काळ्या यादीत गेले. हे त्यांना कळायला मात्र नऊ दिवस लागले.

वेबसाइट लग्ने जुळवण्याची होती. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर भय्याजींनी ती समाजासाठी फुकटात सुरू केली. तिची तांत्रिक बाजू सून टीना सांभाळी. एकीकडून होकार नोंदवला की दुसरीकडे आपोआप ईमेल जाई, आणि दोन्हीकडचे होकार आले तरच मेलने एकमेकांचे फोन नंबर कळत. पोरींना उगाच कोणी त्रास देऊ नये म्हणून हा नियम भय्याजींनीच घातला होता.

नवव्या दिवशी नाकाडोंगरीहून कवडू हटवारांचा फोन आला. लाखांदूरकडच्या भुपेंद्र ब्राह्मणकरने त्यांच्या रिताला दिवाळीआधी पसंती कळवली होती. रितानेही पाडव्यालाच होकार नोंदवला. तेव्हापासून समोरून चकार शब्द नाही. रिता दिवसातून चारदा मोबाइल उघडून पाही आणि ठेवून देई.

"नाई म्हनायचं तं नाई म्हनावं जी," कवडू म्हणाले. "पोरगी धड जेवत नाई."

टीनाने शोध घेतला तेव्हा परत आलेल्या मेलांचा ढीग सापडला. तिने सासऱ्यांना समजावले. एका दिवसात एवढे मेल गेले, बऱ्याच जणांनी ते 'नकोसे' म्हणून कळवले, आणि फसव्या साइट्सची यादी ठेवणाऱ्यांनी आपलेही नाव त्यात घातले. आता आपला मेल कोणाच्याच दारातून आत जात नाही. नाव काढण्याचा अर्ज तिने तिथल्या तिथे भरला, पण त्याला आठवडा लागणार होता.

भय्याजींना तंत्र कळले, माणसे कळली नाहीत. "दिवाळीच्या शुभेच्छा कोनाले नको असतेत बापा?" ते बराच वेळ पुटपुटत राहिले.

त्यांनी भुपेंद्रच्या वडिलांना, सेवकरामना, फोन लावला. "मी वधूवर सूचक मंडळातून" एवढे म्हणेपर्यंत तो कटला. पुन्हा लावला तर लागेचना. टीनाने मोबाइल हातात घेऊन पाहिला.

"मामाजी, त्याईनं तुमाले बी ब्लॉक केलं."

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजी रिताच्या होकाराची छापील प्रत पिशवीत घालून एसटीत बसले. लाखांदूरला बस बदलून गावात पोचले, तेव्हा सेवकराम अंगणात धानाची पोती शिवत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. अडचण अशी होती की गेल्याच महिन्यात एक माणूस खोटी स्थळे दाखवून अर्ध्या गावाला गंडवून गेला होता, आणि पोलीस पाटलाने घरोघरी ताकीद दिली होती.

"मेल आला नाई, फोन त्या ठगावानी आला, अन् आता कागद घेऊन तुमी आले," सेवकराम म्हणाले. "कागद तं कोनीबी छापते."

भय्याजींना मनातून हे पटले. त्यांच्या जागी आपणही हेच म्हटले असते. भुपेंद्रने तो कागद तीनदा वाचला, पण बापासमोर बोलायची त्याची छाती होईना. उद्या शेजारच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, दुसरी मुलगी पाहायची ठरली होती. सेवकरामांनी पाहुण्याला पाणी दिले, बाजेवर बसवले, आणि पाटलाला फोन करायला ते आत गेले. अशा रीतीने मेल आणि फोन यांच्यामागोमाग भय्याजी स्वतःही अडवले गेले.

बोलणे ऐकून सेवकरामांची आई, सुलोचनाबाई, सूप हातात घेऊनच बाहेर आल्या. त्या भय्याजींकडे पाहत नव्हत्या, खाली मान घालून त्यांचा आवाज ऐकत होत्या.

"तुमी लाखांदूरच्या पंचायत समितीत होते का जी?"

होते. लाखनीला बदली होण्याआधी, बावीस वर्षांपूर्वी. म्हातारीने सूप खाली ठेवले. घरकुलाच्या फायलीत तिच्या नवऱ्याचे नाव चुकले होते आणि तिला तीन खेपा पडल्या होत्या. तिसऱ्या खेपेला एका बाबूने तिचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला, सही आणून दिली, आणि ती सकाळपासून उपाशी आहे हे कळल्यावर डब्यातला भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण तिच्यापुढे सरकवले.

"सेवक, फोन ठेव," त्या आत पाहून म्हणाल्या. "ह्या भिंती त्याईच्या अर्जाच्या हायेत."

भय्याजींना यातले काही म्हणता काही आठवेना. चुकलेली नावे त्यांनी किती दुरुस्त केली होती, कोण जाणे. आपली सगळी नोकरी फायलींबरोबर रद्दीत गेली असे ते धरून चालले होते, आणि इथे ती विटांची होऊन उभी होती. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, लावला, पुन्हा काढला.

मग सगळे भराभर झाले. सेवकरामांनी भय्याजींच्याच मोबाइलवरून नाकाडोंगरीला फोन लावला. दोन्ही बाप बोलले, उद्याचे मंडईला जाणे रद्द झाले, आणि पलीकडे फोन रिताच्या हातात गेला आहे हे लक्षात येताच भुपेंद्र तो घेऊन गोठ्यामागे गेला. बॅटरी संपली तेव्हाच तो परत आला. सुलोचनाबाईंनी नव्या तांदळाची पिशवी बांधली. भय्याजी नको म्हणत राहिले आणि ती मांडीवर घट्ट धरून बसले.

एवढ्यात फटफटीवरून पोलीस पाटील आले. सेवकराम सांगायला गेले, पण पाटलांनी हातानेच त्यांना थांबवले. त्यांनी भय्याजींचे आधार कार्ड मागितले, नाव, गाव, धंदा सगळे वहीत उतरवले, आणि मगच बाकीची हकीकत ऐकली. ऐकून झाल्यावर ते बाजेवर भय्याजींना लागून बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "माही चंदा बीएस्सी झाली जी औंदा. तिची माहिती कुठं पाठवू?"

"साइटीवर भरा. मंग तुमाले मेल..." भय्याजी म्हणता म्हणता थांबले. त्यांनी हात पुढे केला. "द्या, हातातच द्या."

पाटलांनी वहीतले भय्याजींच्या चौकशीचे पान फाडले आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मुलीची जन्मतारीख लिहायला घेतली.