पित्ताशयाचा भाव

प्रमिलाबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले आणि रूपचंदभाईंनी केळीचे व्यापारी पालथे घालावेत तसे शहाद्यातले दवाखाने पालथे घातले.

पहिल्या दवाखान्यात सर्जनने पोट दाबून पाहिलं, ऑपरेशन सांगितलं. काउंटरवर रूपचंदभाईंनी हौसेने ऐकवलं, पोरगा सुरतेला मोठ्या कंपनीत आहे. आकडा निघाला पंच्याहत्तर हजार. दुसरीकडे ते बोटातली सोन्याची अंगठी खिशात टाकून गेले. पण तिथल्या बाईने सहज विचारलं, "काका, औंदा केळीला काय भाव लागला?" आणि त्यांना राहवलं नाही. चार एकरांचं उत्पन्न त्यांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बासष्ट हजार.

प्रमिलाबाई बरोबरच होत्या. कळ आली की ओठ दाबून बाकावर बसायच्या आणि आपल्या पोटाचा लिलाव ऐकायच्या.

"आते तरी ठरावा. पोट दुखी ऱ्हायनं मन्हं."

"एक जागा बाकी शे. तठे तू काही बोलू नको."

तिसऱ्या दवाखान्यात रूपचंदभाई शेतातली मळकी बंडी घालून एसटीने गेले. पोरगा आम्हाला विचारत नाही, हे सांगताना त्यांचा गळा खरोखरच दाटून आला. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंचेही डोळे भरले. अडतीस हजार. प्रमिलाबाई फरशीकडे बघत राहिल्या.

ऑपरेशनच्या सकाळी धीरज सुरतेहून धावत आला, तर बापाने त्याला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं.

"तू मझार, दवाखानामा येऊ नको. तू आमले टाकी देल शे."

"मी?"

"अडतीस हजारसाठे."

त्यामुळे प्रमिलाबाईंना आत नेलं तेव्हा पोराचं तोंडही दिसलं नाही. परत दिसेल की नाही, कोण जाणे. इतक्यात सर्जन आला. मास्क अजून हनुवटीखाली होता. पहिल्या दवाखान्यात पोट दाबणारा तोच.

"डाक्टरसाहेब, तुम्ही आठे बी?"

"मंगळवार-बुधवार इथं, गुरुवारी तिथं. सगळीकडे मीच असतो, मावशी."

"मंग तुमले जास्ती पैसा कोठे भेटतस?"

तो किंचित हसला. "माझे बारा हजार. कुठंही."

पुढचं विचारण्याआधी त्यांना भूल चढली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी नवऱ्याला एकच सांगितलं, "धीरजले बलावा." रूपचंदभाई कुरकुरले, पण गेले.

धीरज वॉर्डात आला तशी शेजारच्या खाटेवरची शांतीबाई कण्हत उठून बसली. लोणखेड्याची ही मजूरबाई. तिच्याही पित्ताशयाचं आदल्या दिवशी झालं होतं, आणि पोराने टाकल्याची कहाणी तिने रूपचंदभाईंच्या तोंडून ऐकली होती.

"आते उना का? माय मरी जाती तं?"

प्रमिलाबाईंना ते सोसवेना.

"त्यानी काही चूक नही, बहीण. भाव कमी करासाठे आम्ही खोटं बोलनूत."

"भाव कमी व्हस का?"

"तुले कितला सांगात?"

"पंचावन हजार." शांतीबाईने सांगितलं. "मी काही विचारंच नही. डाक्टर सांगी ते खरं, आशे वाटनं. पोरना कानना दागिना इकी टाका."

मग खिडकीजवळची बाई हळूच म्हणाली, सत्तेचाळीस. दाराजवळच्या म्हातारीचे एकेचाळीस, तेही जावयाने दोन तास हात जोडल्यावर. ऑपरेशन चौघींचं एकच. रूपचंदभाईंकडे कोणी पाहिलंही नाही, तरी ते उठून बाहेर गेले.

संध्याकाळी नर्स ब्लडप्रेशर घ्यायला आली. दोघींचं घेऊन झाल्यावर तिने मशीन हलवून पाहिलं. चौथीपर्यंत पोचली तेव्हा ती गोंधळून गेली होती.

"दुपारपर्यंत सगळ्यांचं बरं होतं. काय झालं तुम्हाला?"

शांतीबाईने विचारलं, "मन्हं कितलं शे?"

"एकशे साठ."

शांतीबाईने उशीवरच मान प्रमिलाबाईंकडे वळवली. "आनी तुमनं कितलं सांगी ऱ्हायनी ती, ताई?"