रेन्दांगची वाटणी

जमहारीनं फ्रीजरचं दार उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा लावलं. दिवसातून एकदा तरी त्याला हे केल्याशिवाय चैन पडत नसे. तळाशी, गोठलेल्या माशांच्या मागे, आइस्क्रीमचा एक निळा डबा होता. त्यात आइस्क्रीम नव्हतं, त्याच्या बायकोनं, रुगायानं, जायच्या आठवड्यात केलेलं रेन्दांग होतं, नारळाच्या दुधात आटवलेलं बीफ. रुगाया गेली, रेन्दांग राहिलं. ते उघडायचा काही त्याला धीर होत नव्हता, आणि ते तिथे नाही अशी कल्पनाही करवत नव्हती.

खरं सांगायचं तर त्या घरात त्याचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच. क्वाला पिलाहच्या मुलखात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. घर आईकडून लेकीला, भातखाचरं लेकीला, परसातली नारळाची झाडंसुद्धा लेकीला. जमहारीला एकच मुलगा, लेक नाही. म्हणजे रुगायाच्या मागे हे घर तिच्या थोरल्या बहिणीचं, काक लोंगचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काक लोंग अजून तोंडानं काही बोलली नव्हती. पण आली की अंगणात उभी राहून छपराकडे टक लावून बघायची, आणि ती छपराकडे बघायला लागली की जमहारी उगाचच अंगण झाडायला घ्यायचा.

अशात ईद तोंडावर आली. मुलाचा, नाझरीचा, फोन आला की अबा, तुम्ही त्रास घेऊ नका, जेवण बाहेरून मागवू. काक लोंग तर घरी येऊनच सांगून गेली, की एकटा बाप्या काय शिजवणार, त्यापेक्षा सगळे माझ्याकडेच या. हे मात्र जमहारीला फार लागलं. रुगायाच्या घरात ईदला चूल पेटणार नाही, म्हणजे झालंच की मग. त्यानं जाहीर करून टाकलं की रेन्दांग इथेच होईल आणि ते तो स्वतः करील. काक लोंग अंगणात उतरली. तिनं छपराकडे पाहिलं.

जन्मभर त्यानं नारळ खोवले होते आणि कढई ढवळली होती, तेव्हा आपल्याला रेन्दांग येतं असा त्याचा प्रामाणिक समज होता. ईदच्या दोन दिवस आधी त्यानं परसात चूल मांडली. बीफ आणलं, बारक्या मिरच्या वाटल्या, गवती चहाचे दांडे ठेचले, हळदीची पानं चिरली, खोबरं भाजून तेल सुटेपर्यंत कुटलं. इथवर ठीक होतं. पण नारळाचं दूध उकळायला लागलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण ढवळायचो तेव्हा शेजारी उभं राहून कढईकडे बघायचं काम रुगायाचं होतं. मीठ घातलं की नाही, ते त्याला आठवेना. चाखावं तर रोजा. घातलं असेल, असं त्यानं ठरवून टाकलं आणि ढवळत बसला. दुपारी उपाशीपोटी, चुलीच्या उबेला त्याचा डोळा लागला. जाग आली ती वासानं.

तळ काळाठिक्कर झाला होता. वरवरचं त्यानं हलक्या हातानं काढून घेतलं. रोजा सोडल्यावर चाखायचा विचार होता, पण वाईट बातमी जितकी उशिरा कळेल तितकी बरी, म्हणून तेही राहिलं. रुगायानं आयुष्यात आइस्क्रीमचा एकही डबा टाकून दिला नव्हता. त्यांतलाच एक निळा डबा घेऊन त्यानं आपलं रेन्दांग भरलं आणि फ्रीजरमध्ये अगदी वर ठेवलं. गोठल्यावर कदाचित सुधारेल, अशी त्याला अंधूक आशा होती.

ईदच्या आदल्या दिवशी नाझरी आणि त्याची बायको लियाना आले. लियाना गुणी मुलगी. तिनं केक ठेवण्यासाठी फ्रीजर उघडला, आतला पसारा बघून पदर खोचल्यासारखी बाह्या सरसावून पुढे झाली, सगळं बाहेर काढलं, पुसलं आणि नीटनेटकं परत लावलं. जमहारी तेव्हा मशिदीत होता. ईदच्या सकाळी नमाजाला निघताना त्यानं तिला बजावलं, "वरचा निळा डबा गरम कर. खालच्याला हात लावायचा नाही."

"बरं, अबा," ती म्हणाली आणि तिनं अगदी सांगितल्याप्रमाणे केलं.

नमाज झाल्यावर तो कब्रस्तानात गेला. रुगायाच्या कबरीवर पाणी शिंपडलं, दुआ मागितली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिला हळूच सांगितलं की डबा जपून ठेवलाय, काळजी करू नकोस. त्या वेळी लियाना तो डबा कढईत पालथा करत होती.

पाहुणे आले. जमहारी कोपऱ्यात सरबत ओतत उभा राहिला. रेन्दांगकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. लोक वाहवा करायला लागले तेव्हा त्याला कळून चुकलं की बायको मेलेल्या माणसाशी लोक किती खोटं बोलतात. इमामसाहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा त्याला त्यांची दया आली. शेजारचा जाडा मुस्तापा म्हणाला की अगदी रुगायाच्या हातची चव, तेव्हा मात्र त्याला राग आला. खोटं बोलायलाही काही मर्यादा असते.

काक लोंगचं मात्र निराळंच झालं. तिनं एक घास घेतला, चावता चावता थांबली आणि मान वर करून छपराकडे बघत राहिली. मग लियानाकडून उरलेलं सगळं बांधून घेतलं आणि निरोपही न घेता चालू लागली. मांजरांना घालील आणि गावभर सांगेल, जमहारीनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाझरी आणि लियाना गेले. घर पुन्हा रिकामं झालं. दुपारी जमहारीला इतकं उदास वाटायला लागलं, की त्यानं ठरवलं, आज एक फोड खायचीच. त्यानं खालचा डबा काढला, गरम केला, ताटात भात घेतला आणि मोठ्या श्रद्धेनं घास तोंडात घातला.

कडू होता, आणि मीठ नव्हतं.

आधी त्याला वाटलं की शेवटी शेवटी बिचारीचा हात बिघडला होता. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. इमामसाहेब आठवले, मुस्तापा आठवला, आपण कबरीपाशी काय बोललो तेही आठवलं. ताट तसंच पुढ्यात ठेवून तो रडला. तिच्या मयतीला जमलं नव्हतं ते रडणं आता आलं. जरा ओसरल्यावर त्याला उरलेलं रेन्दांग आठवलं. त्यानं आपला डबा फडक्यात बांधला आणि काक लोंगचं घर गाठलं.

ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. जमहारी कोंबड्यांकडे संशयानं बघत म्हणाला, "लोंग, काल नेलंत ते या कोंबड्यांना घातलंत का, तेवढं सांगा."

काक लोंगनं सूप खाली ठेवलं. "माझ्या बहिणीच्या हातचं मी कोंबड्यांना घालीन?"

जमहारी पायरीवर बसला. "तुम्हाला कळलं?"

"पहिल्याच घासाला. तुला धड भात लावता येत नाही, आणि म्हणे रेन्दांग. चारचौघांत तुझी चांगली खरडपट्टी काढणार होते. पण घासच गिळवेना."

जमहारीनं फडक्यात बांधलेला डबा पायरीवर ठेवला.

"ते मला द्या, लोंग. माझं आहे ते."

"तुझं कसं? रेन्दांग शिकवलं आमच्या आईनं. आईकडून आलेलं लेकीला जातं, लेक नसली तर बहिणीला. तू काय कालच नांदायला आलायस?"

"बीफ मी आणलं होतं," जमहारी म्हणाला. तो एकेक बोट मोडून सांगायला लागला. "नारळ मी खोवले. कढई मी ढवळली. ही आईकडची मिळकत नव्हे, ही जोडप्याची कमाई. यात नवऱ्याचा हक्क लागतो."

असे वाद त्या गावानं भातखाचरांवरून पुष्कळ पाहिले होते, रेन्दांगवरून पहिलाच. काक लोंगनं पायात आलेल्या एका कोंबडीला हुसकावलं. तिनं फडक्याकडे बोट दाखवलं. "त्यात काय आहे?"

"माझं."

तिनं डबा उघडून एक फोड तोंडात टाकली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मीठ?"

"रोजा होता. चाखता येईना."

"आणि लागलंय खाली."

"डोळा लागला."

"ही मात्र निव्वळ तुझी कमाई. हिच्यावर हक्क सांगायला कुणी यायचं नाही," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक फोड उचलली.

मग ती आत गेली आणि तिच्या फ्रीजरमधला डबा घेऊन आली. तोही आइस्क्रीमचाच, निळा. जमहारीच्या मांडीवर तो ठेवत ती म्हणाली, "आईकडचं विकायचं नसतं आणि संपवायचंही नसतं. नुसतं राखायचं असतं. तिच्या घरात राहू दे ते. राख तू."

"आणि घर?" जमहारीच्या तोंडून निघून गेलं.

"मी काय या वयात दोन घरं झाडत बसू? तूच राहायचंस तिथे. पण पाऊस लागायच्या आत छपराचं बघ. चुलीच्या वरची पत्र्याची कड उचकटलीय. किती दिवस डोळे लावून बघतेय मी, तुझं लक्षच नाही."

जमहारीनं मान डोलावली. तो डबा घेऊन उठला.

"पुढच्या ईदला आदल्या दिवशी मी येते," ती पाठमोऱ्या जमहारीला म्हणाली. "मीठ मी बघीन. साखर झालीय मला, डॉक्टरनं रोजे बंद केलेत."

वळणापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपला डबा तिथेच राहिला. तो परत फिरला. कुंपणावरून बघतो तर काक लोंग पायरीवर थाळीत भात घेऊन बसली होती, आणि त्याचं करपलेलं रेन्दांग दर घासाला तोंड वाकडं करत खात होती.

त्यानं हाक मारली नाही. रुगायाचा डबा छातीशी धरून तो मागे वळला आणि छप्पर बघायला घरी गेला.