पोपटाला दिलेली सात गाणी

एका जंगलात कस्तूर जातीचा एक पक्षी राहत असे, तो फार मोठा गवई होता आणि तो जिवंत होता. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या जंगलातल्या पुष्कळांच्या ते लक्षात राहिले नव्हते.

त्याला सगळे कस्तूरबुवा म्हणत. ओढ्याकाठच्या जांभळीवर त्यांचा मुक्काम असे. रंग निळसर काळा, शीळ लांब आणि स्वभाव जरा तिरसट. गवयाचा असतो तेवढाच.

त्या जंगलात एक रीत होती. नवे गाणे चारचौघांत म्हणण्याआधी ते एका पोपटाला म्हणून दाखवायचे. पोपट ते जसेच्या तसे धरून ठेवी. चार दिवसांनी गवई त्याच्याकडे जाऊन आपलेच गाणे ऐके आणि आपल्या चुका आपल्याला कळत. मग सभा होई. सभा झाली की गवई पोपटाला म्हणे, ‘सोड.’ मग पोपटाने ते गाणे सोडून द्यायचे. शहरात याच कामाला यंत्रे लागतात आणि ती सोडत काहीच नाहीत.

चाळीस वर्षांपूर्वी तरुण कस्तूरबुवांनी सात गाण्यांचा पहिलावहिला अल्बम रचला होता. तो त्यांनी हरबा नावाच्या पोपटाला दिला. चार दिवसांनी ऐकायला गेले. पहिल्या गाण्यात त्यांना आपले गुरुजी ऐकू आले. दुसऱ्यातही गुरुजीच. सातव्या गाण्यापर्यंत बुवा स्वतः कुठे भेटलेच नाहीत. त्यांना इतकी लाज वाटली की ते एक शब्द न बोलता उडून गेले. सभा रद्द झाली. पुढे त्यांनी दुसरी गाणी केली, स्वतःची केली आणि त्यांचे नाव झाले. ते सात नग राहून गेले.

आता बुवा म्हातारे झाले होते. तरी तीन वर्षे खपून त्यांनी पाच नवी गाणी केली होती. आवाज अजून एखादा मोसम टिकेल, असे त्यांना मनातून माहीत होते. तेवढ्यात ही पाच गाणी कोणाच्या तरी कानावर पडावीत, एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी धबधब्यापाशी सभा ठेवली.

सभेला एक खेकडा आला. तोही तिथेच राहायला होता.

बाकीचे सगळे का आले नाहीत? कारण त्याच दिवशी साळिंदरसरांनी मोठी बातमी फोडली होती. साळिंदरसर हे त्या जंगलातले संगीताचे अभ्यासक. पाठीवर इतक्या लेखण्या घेऊन हिंडणारा दुसरा प्राणी तिथे नव्हता. त्यांना हरबा पोपट सापडला होता आणि हरबाला सातही गाणी पाठ होती.

“कस्तूरबुवांचा हरवलेला अल्बम!” सर म्हणाले. “आपण त्याची पुनर्रचना करू.”

लगेच समिती नेमली गेली. हरबाला फांदीवर बसवून गाणी काढून घेण्याचे काम सुरू झाले. आता पोपटाचे असे असते की गाणे कुठे संपले आणि खोकला कुठे सुरू झाला हे त्याला कळत नाही. तो सगळेच धरतो. त्यामुळे पहिल्या गाण्यात दोन ओळींनंतर एक शिंक होती. तिसऱ्यात शेजारच्या झाडावरचा सुतारपक्षी होता. पाचव्यात मध्येच ‘छे, छे, हे काही खरं नाही’ असे वाक्य होते.

“शिंक काढायची ना सर?” समितीतल्या एका सशाने विचारले.

“शिंक मूळ आहे,” सर म्हणाले.

‘छे, छे’ हे त्यांनी धृपद मानले. ते दर कडव्यानंतर घ्यायचे ठरले.

ही वार्ता बुवांच्या कानावर गेली. ते तडक समितीकडे गेले.

“अहो, ती गाणी भिकार आहेत,” बुवा म्हणाले. “नुसती गुरुजींची नक्कल आहे. म्हणून तर मी ती टाकली.”

“आपलं हे मत आम्ही तळटीपेत घेतो,” सर म्हणाले आणि त्यांनी पाठीवरून एक लेखणी उपसली.

“आणि चौथं गाणं तुम्ही अर्धंच धरलंय. त्या दिवशी वारा सुटला होता, हरबाला ऐकू गेलं नाही. उरलेलं ऐकायचंच असेल तर मी सांगतो.”

सर अवघडले. “बुवा, गैरसमज नको. पण तुमचं आता वय झालं. चाळीस वर्षांत आठवणीत भेसळ होते. पोपटात होत नाही. तिथे आपण जागा रिकामी सोडू.”

बुवांनी विषय बदलला. “बरं, ते राहू द्या. माझी पाच नवी गाणी आहेत. ती तरी येऊन ऐका.”

“अरे वा, नवीनही करता का अजून?” सर कौतुकाने म्हणाले. “करत राहावं माणसाने. तब्येत चांगली राहते.”

ती माणसे नव्हती, पण असे बोलायची तिथे पद्धत होती.

बुवांना भयंकर राग आला. मग त्यांना आठवले की हे सगळे एका शब्दात संपवता येते. हरबाला ‘सोड’ म्हटले की सातही गाणी गेली. समिती बसेल लेखण्या मोजत. ते उडत उडत हरबाच्या ढोलीकडे गेले.

हरबा आता फार थकला होता. बुवांना पाहून तो गडबडीने फांदीवर सरकला.

“या बुवा, या. लई दिवसांनी आलात.”

“हरबा, तू ही गाणी इतकी वर्षं धरून ठेवलीस?”

“ठेवली की. तुम्ही सोड म्हनालाच न्हाई. रोज सकाळी उठलो की सात बी एकदा म्हनायची, मगच दाना टिपायचा. म्हनलं, बुवा कवा बी येतील, विचारतील. बायकू वैतागली, पोरं उडून गेली. पन एक सूर हलू दिला न्हाई.”

बुवांनी ‘सोड’ म्हणायला चोच उघडली होती. ती त्यांनी मिटली. चाळीस वर्षे रोज सकाळी आपली टाकाऊ गाणी कोणी इतक्या मायेने म्हणत होते, हे ऐकून त्यांना भडभडून आले. याला आता सोड कसे म्हणायचे?

मग बुवा हळूच म्हणाले, “हरबा, अजून पाच आहेत. धरशील?”

“द्या की.”

“समितीला सांगशील की ही पण त्याच वेळची?”

“पोपट कवा ते सांगत न्हाई बुवा. तो निस्तं काय ते सांगतो. तुम्ही द्या.”

बुवांनी पाचही गाणी दिली. जीव ओतून दिली. वरच्या सुरांना आवाज चिरकत होता, तिथे दहा दहा वेळा घेऊन एकदा नीट लागेपर्यंत थांबले. “हेच धर, आधीचं नको,” म्हणाले. मधूनमधून आठवणीने खोकलेही.

दुसऱ्या दिवशी हरबाने समितीपुढे सात गाणी म्हटली आणि न थांबता पुढची पाच म्हटली. समिती उठून उभी राहिली. साळिंदरसरांच्या अंगावर काटा आला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आला. ते धावत जांभळीखाली गेले.

“बुवा! आणखी पाच निघाली! काय ताकद आहे! तो काळच वेगळा. राग मानू नका, पण पुढे तुमच्याकडून हे झालं नाही.”

“नाही झालं?” बुवांनी विचारले.

“नाही ना. आणि ते शेवटचं गाणं! म्हाताऱ्या पाखराचा आवाज जात चाललाय आणि तो ओढ्याला म्हणतो, माझं एवढं ऐकून घे. ऐन पंचविशीत म्हातारपणाची केवढी समज! आज तुम्ही प्रत्यक्ष म्हातारे आहात, पण तुम्हाला जमेल का असं?”

“अवघड आहे,” बुवा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मोठी सभा झाली. वाघापासून मुंगीपर्यंत सगळे जंगल लोटले. मंचावर हरबा, शेजारी साळिंदरसर. बुवांना आमंत्रण होते, पण पुढच्या फांद्या समितीने भरलेल्या होत्या, म्हणून ते एका नीलगाईच्या मागच्या फांदीवर बसले.

पहिली सात गाणी सगळ्यांनी आदराने सोसली. चौथ्या गाण्यातल्या रिकाम्या जागेला टाळ्या पडल्या. मग नवी पाच सुरू झाली आणि सभा चिडीचूप झाली. वाघ मान खाली घालून बसला. माकडांनी एकमेकांच्या उवा काढणे थांबवले. शेवटच्या गाण्याला तर आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते.

बुवांना आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. ऐकले, सगळ्यांनी ऐकले! त्यांना राहवेना. ते हरबाबरोबर हळूच गाऊ लागले. वरचा सूर आला आणि त्यांचा आवाज चिरकला.

नीलगाय मागे वळली. “आजोबा, जरा गप्प बसता का?”

“बाई, हे माझं गाणं आहे हो.”

“असेल हो,” ती समजुतीने म्हणाली. “पण तुम्हाला ते येत नाहीये ना.”

बुवा गप्प बसले. उरलेले गाणे त्यांनी इतरांसारखेच शेवटपर्यंत ऐकले.

तात्पर्य : मुलांनो, थोरामोठ्यांचा मान ठेवावा. त्यांची जुनी कामे शोधून काढावीत, ती पुसूनपासून लोकांपुढे मांडावीत. आणि ते स्वतः मध्येमध्ये बोलू लागले, तर त्यांना प्रेमाने मागच्या फांदीवर बसवावे.