नगीनआबांचं रविवारचं सॅलड

तमाम शहादेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी साडेअकरा वाजता धान्याची परीक्षा होते. ज्वारी आजवर तीनदा नापास झाली आहे. बाजरी एकदा काठावर सुटली. भगरीचा निकाल राखून ठेवला आहे.

परीक्षक नगीनआबा. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. पस्तीस वर्षं त्यांनी बाजारात धान्याची प्रत ठरवली. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, त्यातला एक दाताखाली फोडायचा आणि समोरच्याचा चेहरा पाडायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा नळी त्यांच्याबरोबर घरी आली. गल्लीत कोणाकडे तांदळाची गोणी उतरली की आबा नळी घेऊन हजर. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या पातेल्यातून भाताचं एक शीत उचललं, चिमटीत दाबलं आणि वरपित्याच्या देखत जाहीर केलं, "गेला सालना माल शे." पंगतीतले सगळे हात ताटावरच थांबले. आमच्या घरच्या खिचडीला ते "पावसात भिजेल माल" म्हणाले. त्यानंतर दोन महिने आमच्याकडे खिचडी झाली नाही.

असा माणूस दर रविवारी सॅलड कशाला करतो? त्याला कारण त्यांची मुलगी, जागृती.

जागृती एकुलती एक. शिकून आहारतज्ज्ञ झाली. दोन वर्षांपूर्वी तिने चिंचपाड्याकडच्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. आबांनी मुलगा पाहिला नाही, घर पाहिलं नाही, नकार मात्र दिला. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत नमुना न पाहता निकाल दिल्याचं हे एकमेव उदाहरण. तिने लग्न केलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. आबांची बायको, आमच्या काकू, त्याआधीच वारलेल्या. घरात उरले आबा आणि लोखंडी नळी.

पण जागृती दर शनिवारी दुपारी मोबाइलच्या स्टेटसवर अख्ख्या धान्याचं एक सॅलड टाकते. फोटो आणि खाली चार ओळी कृती. स्टेटस टिकतं चोवीस तास. त्यामुळे रविवारी साडेअकराला सॅलड तयार पाहिजे म्हणजे पाहिजेच, जणू दुपारनंतर ते खायला सरकारी बंदी आहे.

मी एकदा त्यांना सावध केलं. "आबा, स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते तिला तिकडे दिसतं."

"दिसू दे," आबा म्हणाले. "मी दाना देखस. तिले थोडी देखस?"

त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरला प्रवेश नाही. "शिट्टी वाजनी का दाना घाबरी जास." ज्वारी रात्री भिजते, सकाळी उघड्या पातेल्यात रटरटते, आणि आबा शेजारी स्टूल टाकून बसतात. दर पाच मिनिटांनी एक दाणा दाताखाली. "सुटा पाहिजे. दाना सुटा पाहिजे!" सॅलड होईपर्यंत वाटीभर ज्वारी परीक्षकाच्याच पोटात गेलेली असते.

जागृती लिहिते, ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आबा शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवतात आणि त्यात लसूण आणि नंदुरबारची लाल मिरची सोडतात. मग साडेअकराला सगळी गल्ली एका सुरात खोकते. माझी बायको एकदा म्हणाली, "आबा, हाई सलाड शे का फोडणीनी ज्वारी?"

"वयनी," आबा शांतपणे म्हणाले, "कच्चं तेल मशीनले टाकतस."

एकदा स्टेटसवर क्विनोआ नावाचं परदेशी धान्य आलं. आबांनी शहाद्यातली सगळी किराणा दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने त्यांना राजगिरा देऊन पाहिला. आबांनी दोन दाणे चावले आणि त्याला राजगिऱ्यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. क्विनोआ शेवटी मी सुरतेहून आणला. आबांनी तो शिजवला, चाखला, आणि "बिनओळखीना माल शे" एवढाच शेरा मारला. पण वाटी चाटूनपुसून संपवली.

मग या साली सलग पाच शनिवार स्टेटस आलंच नाही.

पहिल्या शनिवारी आबांनी फोन बंद करून चालू केला. दुसऱ्या शनिवारी नवा रिचार्ज मारला. तिसऱ्या शनिवारी फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. फोन ठणठणीत असल्याचं दुकानदाराने सांगितलं, आणि ते ऐकून आबांचं तोंड उतरलं.

"तुम्हीच एक फोन करा ना तिला," मी म्हणालो.

"नेटवर्कना प्रॉब्लेम शे," आबा म्हणाले आणि भिंतीकडे बघत बसले. ते पाच रविवार गल्लीत कोणी खोकलं नाही. विचित्र वाटायचं.

सहाव्या रविवारी साडेअकराला दार वाजलं. आबा स्वतः आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, हातात ही मोठी परात. एरवी ते आम्हाला ओट्यावर बोलावतात. आज दारोदार फिरत होते. सांडपाण्यावरून ज्यांच्याशी चार वर्षं अबोला होता, त्यांच्याकडेही जाऊन आले होते.

परातीत उकडलेले गहू आणि हरभरे, वर खोबऱ्याचे तुकडे, गूळ. फोडणी नाही. गहू फुटलेले, एकमेकांना चिकटलेले. अर्ध्या दाण्यांचा पार लगदा झालेला. आबांना ते दिसतच नव्हतं.

"निकाल काय, आबा?" मी विचारलं.

"खा," आबा म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला. तोच पदार्थ स्टीलच्या वाटीत. खाली जागृतीने लिहिलं होतं, 'हे एकट्याने खायचं नाही. घरोघर द्यायचं.'

ते काय आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला पहिल्या घासातच कळलं. पण आम्ही सगळ्यांनी ते शिस्तीत सॅलड म्हणून खाल्लं. "सलाडमा खोबरं चांगलं लागस," माझी बायको वाटीतून मान वर न करता म्हणाली.

राहता राहिली समोरची जमनामाय. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात दात नाही, कानाने बहिरी. तिने एक दाणा हिरड्यांवर घोळवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आरे नगीन, हाई कसानं सलाड? ह्या ते घुगऱ्या शेतस! कोनं बारसं शे रे?"

सगळ्यांच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या. आबांनी परात ओट्यावर ठेवली. सदऱ्याने तोंड पुसलं, नंतर डोळे. जमनामायला ऐकू येत नाही म्हणून ओरडावं लागलं, असं ते आता सगळ्यांना सांगतात. पण आवाज पार चौकापर्यंत गेला:

"मन्ही जागूना पोरनं!"